मयत इसम हजर

शरणपूरच्या दफनभूमीत
रखवालदाराची बायको ज्या दगडावर कपडे आपटायची
तो माझा पणजोबा निघाला.
घासून घासून तिनंच अर्धी अक्षरं नेलेली,
आणि तिनंच बादलीभर पाणी ओतून ती वर आणली:
तीमथ्य ऊर्फ रावजी. प्रभूमध्ये निजला, १९२३. वय एकसष्ट.
ओला असला की दिसतो,
वाळला की जातो.
"तुमचा होय? मग मी दुसरा बघते," ती म्हणाली.
म्हटलं, राहू दे बाई,
त्याला ठोक्यांची सवय असेल.
तांबट होता.

जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागात
अर्जावर 'कारण' नावाचा रकाना.
मी लिहिलं: नातं.
कारकून म्हणाला, नातं हे कारण होत नाही,
हितसंबंध लिहा.
लिहिला.
सात खेपांनंतर लाल फडक्यातून सुटलं
सन १८९१चं गाठोडं, कसरीनं जाळी विणलेलं.
मोडी मला येत नाही. निवृत्त नाझर अहिरे
भिंग धरून, वाक्यागणिक नाक ओढत वाचत गेले.

वादी रावजी बिन भिकाजी, धंदा तांबटकाम. मागणं:
घर नको, दुकान नको,
वडिलांच्या हातची एक खरवई
आणि दोन हातोड्या.

प्रतिवादी दाजी बिन भिकाजी, थोरला, शपथेवर:
मला भाऊ नाही. होता. वारला.
सवाल: कधी?
जबाब: किरिस्ताव झाला त्या मार्गशीर्षात.
सवाल: समोर उभा आहे तो कोण?
जबाब: ओळखत नाही.

आणि कडेला, कुणा कारकुनाच्या बारीक हातानं:
मयत इसम हजर.

अहिरे हसले.
मग बराच वेळ भिंगच पुसत बसले.

रामकुंडावर गुरुजींनी कूळ विचारलं, आळी विचारली,
माझ्या गळ्यातला क्रूस पाहिला,
आणि काही न बोलता लांबट वही सोडली.
शके १८११, मार्गशीर्ष वद्य पंचमी. दाजीच्या हातचं:
कनिष्ठ बंधू रावजी याचा घट फोडिला. उत्तरकार्य केले.
मातीचा घट, अर्धा आणा.

घरात शंभरेक हंडे-घागरी,
आणि हा माणूस कुंभाराकडे गेला!
जाणारच.
तांब्याचा फुटत नाही.
लाथ घातली तर पोचा येतो,
आणि पोचा काढायला दोघं लागतात,
एकानं भांडं धरायचं, दुसऱ्यानं ठोकायचं.

निकालाचं पान गाठोड्यात नव्हतं.
कसरीनं खाल्लं की कुणी काढून नेलं,
अहिऱ्यांना विचारलं तर खांदे उडवले.
पण आमच्याकडे एक बोथट हातोडी आहे,
दांडा तीनदा बदललेला.
नाताळात आत्या तिनं अक्रोड फोडायची.
ती कुठून आली
हे कुणी कधी विचारलं नाही, मीसुद्धा.

"वहीत खाडाखोड नसते," गुरुजी म्हणाले,
"खाली लिहिता येतं."
पेन पुढे केलं.
बाकी सगळ्या पानावर मुंगी शिरणार नाही अशी दाटी,
फक्त दाजीच्या त्या ओळीखाली
चार बोटं जागा मोकळी.
कशाला सोडली होतीस रे, दाजी?

मी लिहायला लागले.
पुत्र शांतवन. पुत्र सीमोन.
कन्या तबिथा, गोवरानं गेलेली.
कन्या सालोमी, नर्स, मनमाड रेल्वे इस्पितळ.
सीमोनचे तिघे. त्यातल्या मधल्याची मी.
गुरुजी तारखा बोटांवर मोजत होते.
"हे सगळे," ते थबकले,
"उत्तरकार्यानंतरचे?"
हो, म्हटलं, सगळेच.

कुंडावरून वारा येत होता, पानं फडफडत होती.
मिटू नका, शाई वाळू द्या, ते म्हणाले.
मी पान दाबून धरलं.