पुरावा क्रमांक एकतीस

सायकल माझी होती, म्हणून चोरीही माझी,
असं मी धरून चाललो होतो.

म्झुझू ते एक्वेन्देनी मी माणसं वाहतो.
कॅरिअरवर उशी शिवून घेतलीय.
बाया बसतात, मक्याची पोती बसतात,
एकदा शिलाई मशीन बसलं
आणि शिंपी मागून धावत आला.
जुलैच्या गारठ्यात टपरीवर चहा प्यायला थांबलो,
वळून पाहिलं तर भिंत एकटीच उभी.

सायकल नवव्या दिवशी सापडली,
तो अकराव्या.
सुझगो न्यिरोंगो, वय अंदाजे वीस.
सुझगो म्हणजे आमच्या बोलीत त्रास.
वाईट दिवसांत झालेल्या पोराला ठेवतात असं नाव,
मग दिवस पालटतात, नाव राहतं.

मी चौकीवर सायकल न्यायला गेलो.
हवालदार म्हणाला, आता ती सायकल नाही, पुरावा आहे.
हँडलला सुतळीने चिठ्ठी बांधलेली: एकतीस.
अंगणात तीस आणि बत्तीसही होते, एक पत्रा आणि एक पातेलं.

कोर्टाला पायऱ्या तीनच.
मी त्या बावीस वेळा चढलो.
एकदा न्यायाधीशबाई रजेवर,
एकदा तुरुंगाच्या ट्रकमध्ये डिझेल नाही,
एकदा फाईल सापडली, ती दुसऱ्याच न्यिरोंगोची,
त्याने बकरी चोरली होती.
येताना चौदा किलोमीटर चालत, जाताना चौदा.
चौकीच्या कुंपणावरून दिसायचं,
भोपळ्याचा वेल मागच्या चाकात शिरलाय,
आरे मोजत मोजत वर चढतोय.

पावसाळा सरल्यावर तुरुंगात जाऊन त्याला भेटलो.
का चोरलीस, एवढंच विचारायचं होतं.
जाळीपलीकडे तो आधीपेक्षा लांब दिसत होता,
अंगातली रुंदी गेली होती.
म्हणाला, रात्री सगळे एकाच कुशीवर झोपतो,
एकाला वळायचं झालं की अख्खी ओळ वळते.
का चोरली, ते बोललाच नाही.
उलट मलाच विचारलं,
"मागचा ब्रेक निसटत होता तुझा.
टायरचा तुकडा कापून बसवलाय.
बघितलास का?"

कसा बघणार?

मी बाईंपुढे उभा राहिलो.
म्हटलं, माझी तक्रार मागे घेतो,
मला चाक द्या, त्याला घर द्या.
बाई इंग्रजीत बोलल्या, शांतपणे, रागावल्या नाहीत.
दुभाष्याने सांगितलं:
गुन्हा तुझ्याविरुद्ध नाही, प्रजासत्ताकाविरुद्ध आहे.
मी म्हणालो, प्रजासत्ताक कधी बसलंय का माझ्या उशीवर?
चढावर उतरून ढकललंय का?
दुभाष्याने याचं भाषांतर केलं नाही.
भला माणूस.

सप्टेंबरात निकाल लागला: सहा महिने.
तोवर त्याचे चौदा होऊन गेले होते.
कारकुनाने वजाबाकी मांडली,
पेन थांबलं,
उणे आठ लिहायला फॉर्मवर रकाना नव्हता.
त्याने तिथे एक आडवी रेघ मारली
आणि पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

सुझगो त्याच दुपारी सुटला.
सायकल नाही.
अपिलाची मुदत संपेपर्यंत पुरावा जपावा लागतो.

आम्ही एकाच रस्त्याने निघालो, दोघंही पायी.
तो दोन पावलं मागे चालत राहिला,
कॅरिअरवर बसल्यासारखा.
वळणावर म्हणाला, जातो.
मी जा म्हणालो नाही, थांब म्हणालो नाही.

मी त्याला माफ केलं असं कुणी पसरवू नका.
अजून चीड येते, चढावर जास्त.
पण सायकल हाती आली तेव्हा
टायर कुजलेले, साखळी गंजून एकजीव,
वेल कापून काढावा लागला,
आणि पोस्टाच्या उतारावर, वाट पाहत असल्यासारखा,
ब्रेक लागला.