हाकेचं अंतर

सॉरल काउंटीत माणसं चार हजार अकरा,
गुरं त्याच्या वीसपट,
आणि रात्रपाळीला कान दोन. माझे.

सव्वीस वर्षं मी, लोरीन एचानिस,
कोर्टाच्या तळघरातल्या या खोलीत
जिवाचा कान करून बसले आहे.
आवाजाआधी मला त्याची खरखर ऐकू येते.
कढईतल्यासारखं चरचरलं की विलो क्रीकचा पूल.
लांब कुणी गोणपाट फाडतंय असं वाटलं
की ऑर्विल खाणीच्या वाटेवर आहे,
आणि ट्रकची काच पुन्हा उघडी आहे त्याच्या.
ते पत्ता सांगायच्या आत
माझं बोट नकाशावर टेकलेलं असतं.

बॅजर गल्चमधून मात्र काहीच येत नाही.
नाही म्हणायला एकदा आलं होतं,
नोव्हेंबरात, रस्ताभर काळं बर्फ असताना,
अर्धा शब्द: "पाठ..."
पाठवा असेल. पाठीत असेल.
पाठोपाठ कुणी येत असेल.
मी चार गाड्या चार दिशांना पाठवल्या.
वेंडेल प्राउस सापडला तेव्हा उजाडलं होतं.
रेडिओ चालू होता,
बॅटरी अर्ध्याहून जास्त भरलेली.

मग अकरा वर्षं बैठका.
पैसे कुठून, टॉवर कुठे, घाई काय.
शेवटी दोनाला एक मतांनी ठराव झाला
तर टेकडी थर्मन गँट्रीची निघाली,
आणि त्याची अट एकच:
येणाऱ्याजाणाऱ्याने फाटक लावायचं.
तसं करारात लिहून घेतलं त्याने, कलम सात.

बॉइसीहून टेगन आली, पंचविशीची,
कमरेला पट्टे, दातांत स्क्रू.
जुन्या खोपटातून तिने वायरींतलं उंदरांचं घरटं काढलं,
माझ्या लग्नाआधीच्या बॅटऱ्या काढल्या.
भिंतीच्या प्लायवुडवर कुणीतरी पेन्सिलीने
विजा पडल्याच्या तारखा लिहिल्या होत्या, आणि खाली
"पुन्हा उंदीर".
ती फळी तिने मला आणून दिली.

म्हणाली, आता खरखर संपली.
आवाज येईल तर अख्खा येईल,
नाहीतर येणारच नाही.
"आणि मधलं?"
"मधलं काही नसतं यात."
तिने हे आनंदाने सांगितलं.
मी सव्वीस वर्षं त्या मधल्यातच नोकरी केली होती.

मंगळवारी चाचणी. बासष्ट ठिकाणं.
स्कूलबस चालवणारी नेव्हा कोल्ट्रिन,
जी आमच्या अग्निशमन दलाची प्रमुखही आहे,
दर ठिकाणी थांबून क्रमांक सांगणार,
मी म्हणायचं "स्पष्ट", आणि खूण करायची.
चाळीसपर्यंत सगळं बिनबोभाट.

"एक्केचाळीस. ऐकू येतंय?"

इतकं स्वच्छ, की ती कुठे आहे ते मला कळेना.
तिने आवंढा गिळलेला ऐकू आला,
मागे एक पक्षी, सेजब्रशमधला वारा.
पडद्यावर पाहावं लागलं:
बॅजर गल्च.

"तळघर, ऐकू येतंय?"

पुस्तकात उत्तरं दिलेली आहेत, छापील, क्रमाने.
माझ्या तोंडून गेलं, "ओ."

"ओ म्हणजे किती? एक ते पाचात सांग."
"पाच," मी म्हटलं. "पाच, नेव्हा."
ती लगेच निघाली नाही तिथून.
मीही बेचाळीस मागितला नाही.

जुना संच महिनाअखेरपर्यंत राहू द्यायचा आहे, नियमाने.
पहाटे तीनच्या सुमाराला
मी त्याचं बटण थोडं पिळते.
कुणी बोलत नसतं.
विलो क्रीकचा पूल, बहुतेक.

काल तेवढ्यात फोन वाजला. साधा, भिंतीवरचा.
गँट्री.
गाई रस्त्यावर आल्यात म्हणाला,
तुमच्यापैकी कुणीतरी फाटक उघडं टाकलंय.