उंदराला साक्ष

वेस्ट रन्टनच्या कड्याखालचा काळा चिखल
ब्रायनी गूडरम बादलीने घरी आणते,
न्हाणीत चाळते. मोरी तुंबते.

हत्ती कधीच म्युझियमला गेला, शेपटासकट.
त्याचं वय विचारलं की मात्र
सगळे बघतात या दाढेकडे:
तांदळाच्या कणीएवढी, पाणउंदराची,
कुण्या घुबडाने ओकलेली.

हिला मुळं आहेत, म्हणजे जुनी.
पुढच्यांनी मुळंच टाकली,
दात वाढत राहिले मरेपर्यंत.

मी म्हणते, आमच्याकडे
उंदराला मांजर साक्ष असतं.
ती हसत नाही.
भिंगावरून मान न उचलता विचारते,
‘कुठल्या थरात?’

मी मोरीत हात घालते.
गाळ, केस, साबणाची चकती,
आणि बोटाला काहीतरी
बारीक चावतं.