सेकंदाला वीस ठोके

सावद्यात मामाचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान,
त्यावर पत्र्याची खोली, तिच्यात माझं जग चालतं.
एक जुना सीपीयू, भंगारातून उचललेली बॅटरी
आणि ठोकळ्यांचा एक मुलूख,
ज्यात रावेर-यावल-फैजपूरची बावीस पोरं
रोज रात्री घरं बांधतात, एकमेकांची पाडतात.

या जगाचं काळीज सेकंदाला वीस ठोके देतं.
द्यायला हवं.
रात्री साडेनऊनंतर ते सहावर येतं.

मग फोडलेली वीट परत जागेवर बसते.
मेलेला झोंबी अजून दोन पावलं चालतो.
दार उघडतं, पण माणूस आत गेल्यावर.
आणि पोरं एका सुरात लिहितात, ताई, अटकलं.

आधी मेमरी वाढवली. चारची आठ.
तर आणखीच बिघडलं.
अंगण मोठं केलं की झाडायलाही वेळ लागतो,
आणि हा गडी झाडू मारताना
सगळ्यांना जागच्या जागी उभं करतो.
परत चार केली.
केबल बदलली.
पोरांची नजर आखूड केली,
लांबचे डोंगर धुक्यात गेले, ठोके सहाच.
मग मे महिन्याला धरलं.
बाहेर सेहेचाळीस, आत प्रोसेसर चौऱ्याण्णव.
बाजूचं झाकण काढलं, टेबलफॅन तोंडाशी लावला,
वाळलेली पेस्ट खरवडून नवी भरली,
चौऱ्याण्णवचे एकाहत्तर झाले. पेढे वाटायचे बाकी.
साडेनऊनंतर सहा.

खाली मामा एका मोनोब्लॉकशी बसलेला,
स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या मोटारीला, मूठ आपल्या कानाला.
"तू नुसते पार्ट बदलू राह्यली," तो म्हणाला,
"आवाज कुठून येऊ राह्यला, ते तं आयक."

त्या रात्री कशालाच हात लावला नाही.
नऊ तीस, वीस.
नऊ एकतीस, वीस.
नऊ बत्तीसला लॉगमध्ये एक नाव उमटलं, अरमान तडवी,
आणि ठोके पायरी चुकल्यासारखे खाली.

उडत गेले तो होता तिथे, नकाशाच्या पार कोपऱ्यात.
दगडी खोली, नीट बांधलेली, खिडक्यांना काचा.
आत पांढरी भिंत वाटली, ती हलली.
एक हजार नऊशे त्रेचाळीस कोंबड्या,
प्रत्येक ठोक्याला प्रत्येकजण
शेजारणीला ढकलून जागा मागतेय,
आणि सर्व्हर बिचारा एकेकीचं ऐकून घेतोय.

एका ओळीत सगळ्या संपल्या असत्या.
ओळ लिहिलीही होती, बोट एंटरवर.
विचारलं, इतक्या कशाला रे?

उत्तर सावकाश आलं. पालच्या खालचा पाडा,
रेंज पाण्याच्या टाकीवर चढलं तर,
फोन बापाचा,
बाप केळीची गाडी भरून साडेनऊला घरी,
दहाला झोपतो, फोन उशाशी.

"अंडी फेकतो न ताई.
चालायला गेलो तं मागं येतो, बांधायला गेलो तं पडतं.
अंडं फेकलं तं कधी ना कधी फुटतं."

मग अटकतं म्हणून कधी बोलला का नाहीस?

"अटकतं? मले वाटे गेम असाच राह्यतो."

एकवीस पोरांच्या तक्रारी माझ्याकडे स्क्रीनशॉटसकट होत्या.
मी ती ओळ पुसली.

बारा त्यानेच निवडल्या, कुंपणाबाहेर काढल्या.
त्याच बारा का, मला कळलं नाही,
सगळ्या सारख्याच दिसत होत्या.
मग मी पुन्हा लिहिलं, एंटर दाबलं.

सहा. अकरा. सतरा. वीस.

अरमानने सवयीने बटण दाबून धरलं
आणि कुंपण, रस्ता, कुणाचा तरी गहू ओलांडून
थेट नदीत पडला.

"ताई, हे एवढं पळते?"

नऊ अठ्ठावन्न झाले होते.
तो काठावर चढला आणि परत पळाला.