बरणीत न आलेला स्क्रू

बारा वर्षांचा कोर्बिनियान
श्योकलच्या उतारावरून घसरगाडीसकट
थेट कुणाच्या तरी कुंपणात घुसला,
तेव्हा त्याच्या घोट्यात दोन स्क्रू बसवले.
मॅग्नेशियमचे. हाडात मुरणारे.
मी फक्त चित्रं काढते, इथे ग्राट्सला, तळघरात,
जिथे मुर नदीचा आवाज पोचत नाही
आणि यंत्राचा थांबत नाही.

आधी पोलादाचं सांगते.
पोलाद चुंबकाशी भांडतं.
म्हातारे एंगेलबर्ट आले होते एकदा,
मांडीत सत्त्याहत्तर सालची पट्टी.
पडद्यावर हाड नव्हतंच त्यांचं,
नुसता काळा फराटा, कडेला पांढरी चरचरीत झाक,
जणू ओल्या शाईवरून कुणी तळहात ओढलाय.
नक्की कुठं दुखतंय, विचारलं,
तर म्हणाले, "तिथंच. तुमच्या त्या काळ्यात."
त्या काळ्यात मला शिरता येईना.
सीटीला पाठवलं, तर तिथेही
धातूपासून चहूकडे ओरखडे.

मॅग्नेशियम मवाळ.
त्याच्या शेजारचं हाड दिसतं,
कूर्चा दिसते, घोटा धरून ठेवणारे बंध दिसतात.
डाग पडतो, नाही असं नाही,
पण तो मांडीएवढा होत नाही.
साध्या एक्स-रेवर मात्र इतकं फिकट
की डोळ्यांत तेल घालून शोधावं,
आणि दर खेपेला वाटावं, गेल्या वेळी जरा जास्त होतं का?

सहाव्या आठवड्यात गडबड झाली.
रात्रपाळीला डॉक्टर हाबेक, नवीन, मान अवघडलेली.
स्क्रूभोवती काळ्या पोकळ्या, लहानमोठ्या,
उकळी फुटल्यासारख्या.
"पू आहे," म्हणाले. "उघडावं लागेल."
मी म्हटलं, वायू असेल.
हा धातू विरताना हायड्रोजन सोडतो.
पोराला ताप नाही, लाली नाही,
बाहेर बाकावर बसून सफरचंदाचा केक खातंय,
चुरा सगळा प्लास्टरवर.
"तुम्ही डॉक्टर आहात?"
नाही. मी पोकळ्या मोजते.

खरं सांगू,
त्या रात्री मलाही खात्री नव्हती.
काळं ते काळं.
चित्राला वास नसतो.

हाबेक उजाडेपर्यंत थांबले. का थांबले, ते बोलले नाहीत.
सकाळी मोठ्या बाई आल्या,
पुन्हा रक्त तपासलं,
जुनी चित्रं नव्याशेजारी लावून
चहा गार होईस्तोवर बघत राहिल्या,
आणि "वायू" एवढंच लिहून निघाल्या.
माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. चालायचंच.

मग पोकळ्या बारीक होत गेल्या.
स्क्रूचे आटे आधी बोथट झाले,
मग डोकं, मग नुसती एक रेघ
जी मला दिसायची कारण मला ठाऊक होती.

दीड वर्षानं आला तेव्हा आवाज फुटला होता त्याचा.
बाप सोबत, कुलुपं दुरुस्त करणारा,
नखांत काळं ग्रीस.
पडद्यावर अख्खा घोटा, स्वच्छ,
फक्त हाडाच्या जाळीत एका जागी
वीण जराशी दाट.
पोरगं म्हणालं, "माझे स्क्रू द्या."
मला कळेना.
बाप ओशाळून सांगू लागला:
आजोबांचे चार आहेत घरी, पोलादी,
काढल्यावर दवाखान्यानंच दिलेले,
स्वैपाकघराच्या खिडकीत बरणीत,
पाहुणा आला की बरणी वाजवून दाखवतात.
यानं शेजारी एक रिकामी बरणी
केव्हाची धुऊन ठेवलीये.

मी म्हटलं, ते नाहीत.
"मग गेले कुठे?"
थोडे हाडात. थोडे, म्हणजे,
तू संडासाला गेलास त्यात.
बाप हसला. तो नाही हसला.
"मग शाळेत काय दाखवू?"

नियमात बसत नाही,
तरी पहिल्या आठवड्याचं चित्र छापून दिलं,
दोन स्क्रू, फिकट, तिरपे,
त्यांच्याभोवती हलकासा काळिमा.
दारातल्या ट्यूबखाली त्यानं ते धरलं, उलटं,
आणि घोट्याऐवजी बराच वेळ
तो काळिमाच पाहत राहिला.

पुढचा पेशंट: गुडघा, टायटॅनियम.
मी पलंगावरची चादर बदलली.