मोरीच्या पाइपाचं दुसरं टोक

अमरावतीच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणातून
मी बारा तत्त्वं घेऊन आले, हरित रसायनशास्त्राची.
झेरॉक्स फिकट, सातवं तर वाचताच येत नव्हतं.
तरी सातवीच्या फळ्यावर उतरवली,
पोरांनी वहीत उतरवली,
पहिल्याला लाल पेननं चौकट मारायला सांगितली:
कचरा निस्तरण्यापेक्षा तो होऊच न देणं बरं.
परीक्षेला येण्यासारखं वाक्य होतं.

मग प्रयोग, दरवर्षीचाच. मोरचूद, पाणी, खिळा.
मोरचूद सगळ्यांच्या ओळखीचं,
संत्र्याच्या खोडांना चुन्यासोबत फासतात ते.
सात गट, चार चंचुपात्रं
आणि लोणच्याच्या तीन बरण्या.
खिळा तांबूस झाला, निळं पाणी हिरवटलं.
"मॅडम, झालं हिरवं रसायन!" प्रज्योत ढोणे ओरडला.
मी हसले. तास तिथंच संपला असता.

पण आचल कुमरे बरणी दोन्ही हातांत धरून उभी,
दुधानं काठोकाठ भरलेला गंज धरावा तशी.
"मॅडम, हे सांडाचं कोठी?"

मोरीत, म्हटलं.

"आन् मोरीतून?"

अठरा वर्षं शिकवते मी.
मोरीला दुसरं टोक असतं
हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.
मी तिकडं गेले नव्हते, इतकंच.

गेलो मग, अख्खी सातवी, रांग न करता.
शाळेच्या मागं पाइप भिंतीतून बाहेर येतो,
दोन हात चालतो आणि तुटतो.
भवताली तरोट्याची वाळकी काडं कमरेएवढी,
मधोमध बसायच्या पाटाएवढी जागा बोडकी.
"अथी पावसाळ्यातही काही उगवत नाही,"
गुणवंतभाऊ म्हणाले, शाळेची किल्ली कानात फिरवत,
"मले वाटे, पोट्टे मुततात म्हून."
पोरं खिदळली.
मी त्या जागेकडं पाहत राहिले.
ते माझं अक्षर होतं.

पुढं उतार, उताराला नाली,
नालीच्या टोकाला डबकं,
आणि डबक्यावर आचलच्या घरच्या बकऱ्या,
एक काळी, दोन पांढऱ्या ठिपक्यांच्या,
मान खाली घालून पाणी पीत होत्या.
तिनं मला काही म्हटलं नाही.
"हऽट" म्हणून त्यांना हाकललं, वर आली,
आणि सातही भांडी मोरीपासून दूर,
खिडकीत नेऊन ठेवली.

आता फाल्गुन आहे.
नाल्याच्या काठानं पळस पेटलाय,
पोरं दप्तरात फुलं आणतात, दप्तरं पिवळी करतात.
फुलांचा काढा, हळदीत बुडवलेला कागद,
औषधाच्या बाटलीचं झाकण हेच चंचुपात्र.
एक थेंब लिंबाचा. एक थेंब पापडखाराचा.
काढा केशरी होतो, आणि पस्तीस डोकी
एका झाकणावर इतकी वाकतात
की मला रंग दिसतच नाही, फक्त भांग दिसतात.
नंतर झाकणं धुतात. ते पाणी
प्रज्योत मोठ्या ऐटीत कढीपत्त्याला घालतो.
कढीपत्ता जगेल का, माहीत नाही.
पापडखार जरा जास्तच होतो त्याचा.

ते जुनं पाणी मात्र आहे अजून.
सात भांड्यांतलं एका कॅनमध्ये ओतलं,
बूच घट्ट लावलं, कपाटात ठेवलं.
तालुक्याला विचारलं, तालुक्यानं जिल्ह्याला विचारलं,
जिल्ह्यानं पत्राची पोच दिली.
कॅनवर चिठ्ठी आहे, आचलच्या हातची,
थोडी तिरपी, शाई ओघळलेली:
*याले अजून जागा नाही.*

इन्स्पेक्शनला आलेले साहेब म्हणाले,
"'याला' लिहा, 'याले' नाही."
मी हो म्हटलं.
चिठ्ठी तशीच आहे.