बैसा

निजव्याच्या किल्ल्यामागे चांदीवाल्यांच्या गल्लीत
शेवटचं शटर आमचं.
वर अरबीत काय लिहिलंय ते मला अजून वाचता येत नाही,
त्याखाली मुरादनं खडूनं काढलेली कानस तेवढी कळते.

खल्फान बिन सैफ आला ऐन दुपारी.
काखेत चादरीची गुंडाळी,
झोपलेलं पोर आणावं तशी.
ठासणीची बंदूक, आजोबाची.
घोडा मानेपासून मोडलेला.
दुसऱ्या हातात खोका: इटलीहून मागवलेला नवा घोडा,
तेलकट कागदात, सोबत छापील हमी
की हा कुठल्याही बंदुकीला बसतो.

कुठल्याही.
बावीस वर्षं फिटरकी केली,
आधी इचलकरंजीत मागांच्या कारखान्यात, मग इथे.
मापाच्या पट्टीवर हा आकडा मला कधी दिसला नाही.

ईदला सात दिवस होते.
चापाची पट्टी उतरवली, तर मागून
तांब्याचा एक चेपलेला तुकडा खाली पडला.
कचरा म्हणून मी तो किसाच्या परातीत टाकला.

केरबा मिस्त्री म्हणायचे,
जुन्याला कानस लावायची नाही, जुनं कुणाचं तरी असतं;
नवं अजून कुणाचंच नसतं, त्याला घास.
म्हणून जुन्या चौकोनी दांड्याला मेणबत्तीची काजळी दिली,
नवा घोडा वर दाबला,
काळा डाग उमटला तेवढाच घासला.
पुन्हा काजळी. पुन्हा डाग.
तिसऱ्या दिवशी घोडा दांड्यावर चढला
आणि चाप ओढला तर पडला
बोंडीच्या डोक्यावर नाही, बाजूला.
अर्धं सूत नळीकडे.

अर्धं सूत म्हणजे काही नाही.
अर्धं सूत म्हणजे टोपी फुटणार नाही, बार होणार नाही,
आणि ईदच्या सकाळी सगळ्या गावासमोर
खल्फान काठी धरल्यासारखा उभा राहील.

इटलीला दोन शिव्या घातल्या. मराठीत, म्हणजे फुकट.
मीही इथे कुणाच्या तरी बदली आलो होतो,
असलं काहीबाही मनात यायला लागलं;
पण हातात कानस असताना असा विचार केला की बोट सोलतं.
सोललं.

शेवटी घोडा तापवून वाकवायचा ठरवला
आणि नेमका गॅस संपला.
मुराद सिलिंडर आणायला गेला, तो तासभर गेला.
रिकामा हात बसवत नाही म्हणून परात चाळत बसलो.
तो तांब्याचा तुकडा. अंगठ्यानं पुसला.
एका कडेला झिजलेली अक्षरं,
वाचता येणारी: पाव आणा.

आपल्याकडचा पैसा.
कोण्या जहाजातून मस्कतला उतरला असेल,
खजुरात खर्च झाला असेल, घाटातून वर आला असेल,
आणि कुणा अनाम लोहारानं, हाही असाच अडला असताना,
ठोकून पातळ करून पट्टीमागे सारला असेल.
अर्धं सूत.

सगळी बंदूक त्या पाव आण्याभोवती
शंभर वर्षं सवयीनं बसली होती
आणि मी त्याला परातीत टाकून इटलीला शिव्या देत होतो.

इथे पैशाला बैसा म्हणतात.
आमच्या जुन्या माणसांच्या तोंडी बैसा म्हणजे बसा.
मी त्याला त्याच्या जागी ठेवला, स्क्रू आवळले,
चाप ओढला.
टक्.
मधोमध.

खल्फाननं पैसे मोजले, घासाघीस केली,
वर खलासची एक पिशवी ठेवली.
तुकड्याचं त्याला सांगितलं नाही. मला तेवढं अरबी येत नाही,
आणि मुराद नेहमीसारखा बाहेर.

ईदच्या सकाळी मी गच्चीवर दाढी करत होतो.
खाली मैदानात बार सुरू झाले,
एक, मग तीन एकदम, मग मोजता येईनात.
धूर खजुरीच्या शेंड्यांवरून सरकत गेला.
त्यातला माझा कुठला ते कळलं नाही.
अर्धा गाल साबणाचा तसाच ठेवून
शेवटच्या बारापर्यंत उभा राहिलो.